शाळेची किल्ली वाडीतच ठेवा : कोकणातल्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण,
रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, ठाणे, पालघर

स. न. वि. वि.

मे महिना लागला की आपल्या कार्यालयांत मान्सूनपूर्व आढावा बैठक होते. नालेसफाई, धोकादायक झाडं, मोडके साकव, औषधांचा साठा, होड्या, लाइफ जॅकेट असं सगळं त्या बैठकीच्या टिपणात असतं. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त प्राथमिक शिक्षक. एकतीस वर्षांची नोकरी झाली, त्यातली निम्म्याहून जास्त पोलादपूर तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी असलेल्या वाड्यांत. त्या टिपणात एक ओळ मला कधी सापडली नाही. ती यंदा घालावी, एवढ्यासाठी हे पत्र. ओळ अशी आहे : रात्री पाऊस वाढला तर वाडीतल्या माणसांनी कुणाच्या हुकमाची वाट न बघता घर सोडायचं, आणि जिथे जायचं त्या जागेची किल्ली वाडीतच असेल.

ही मागणी कुठून आली ते आधी सांगतो.

२०२१चा जुलै आपण कुणीच विसरलेलो नाही. २२च्या सकाळपासून २३च्या सकाळपर्यंत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. तिथलं पाणी सावित्रीतून आमच्याकडे उतरतं. महाड बुडालं, चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी शिरली, तळियेत डोंगराने वाडी गाडली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीत दरडी आल्या. मी राहतो त्या वाडीत माणूस दगावला नाही, त्यामुळे तिचं नाव कुठल्याच अहवालात नाही.

त्या दिवशी तिन्हीसांजेला लाइट गेले. फोनला रेंज नव्हती. आठच्या सुमारास शेजारच्या आजी पागोळीखाली येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "गुर्जी, मागल्या दारची झर गढूळ व्हाते हो." ही झर बारमाही. आम्ही तिचं पाणी न गाळता पितो. बॅटरी घेऊन गेलो तर पाणी चहासारखं तांबडं, आणि नेहमीच्या करंगळीएवढ्या धारेऐवजी मनगटाएवढं. आजींचं वय तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्यांनी एवढंच सांगितलं की पाण्याबरोबर माती यायला लागली म्हणजे डोंगर आतून सुटायला लागला, त्यांच्या सासऱ्यांनी त्यांना तसं सांगून ठेवलं होतं.

एकोणीस उंबऱ्यांची वाडी. शाळा पलीकडे टेपावर, उघड्या कातळावर बांधलेली, म्हणजे त्या रात्री आमच्यासाठी तालुक्यातली सगळ्यांत भरवशाची इमारत. तिला कुलूप होतं. कोविडमुळे शाळा बंदच होत्या. किल्ली पोलादपूरला, आणि पोलादपूरच्या रस्त्यावर पाणी. व्हरांड्यात बायका लेकरांना छातीशी धरून उभ्या, पाऊस आडवा मारतोय, आणि आम्ही कुलपाकडे बघतोय. पंधरावीस मिनिटं तरी आम्ही तिथे नुसते उभे होतो. शेवटी दोन पोरांनी पहारीने कोयंडा उचकटला. गुरांची दावी आधीच सोडली होती. रात्र वर्गात काढली. पहाटे बघतो तर दोन घरांच्या मागच्या भिंती आत आलेल्या, केळीचं बन आख्खंच्या आख्खं खाली सरकलेलं आणि आजींची चूल मातीखाली. चुलीपासून त्यांची झोपायची जागा चार हातांवर.

महिन्याभराने एका कार्यालयाचं पत्र आलं. शासकीय इमारतीचं कुलूप कोणाच्या परवानगीने तोडलं, याचा लेखी खुलासा सात दिवसांत सादर करावा. कार्यालयाचं नाव मी इथे घेत नाही. त्या खुर्चीवरचा माणूस त्याच्या नियमाने वागला, आणि खुलासा दिल्यावर प्रकरण मिटलंही. पण वाडीवर त्या कागदाचा परिणाम काय झाला, तो आपल्यापर्यंत पोचायला हवा. पुढच्या पावसाळ्यात एका रात्री पुन्हा जोर झाला. मी पोरांना हाक मारली, तर तीच दोघं म्हणाली, "गुर्जी, आधी किल्ली मागवू, मग लोकांना काढू." दरडीला मिनिट-दोन मिनिटं पुरतात. कागदाची भीती आमच्या वाडीत डोंगराच्या भीतीपेक्षा मोठी झाली आहे, आणि ती काढणं फक्त आपल्या सहीने होईल.

माळीण ३० जुलै २०१४ला सकाळी गेलं. १५१ माणसं. गाव गाडलं गेल्याचं बाहेर कळलं ते नेहमीची फेरी घेऊन गेलेल्या एसटीच्या चालकामुळे. तळिये दिवसा गेलं. इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ला रात्री गेली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं सापडलीच नाहीत. पायथ्याच्या चौक गावाच्या बाजूने वर जायला वाहनाचा रस्ता नव्हता, बचावासाठी गेलेली माणसं अंधारात, पावसात, चिखलातून चढून गेली. चढताना अग्निशमन दलाचा एक अधिकारी हृदयविकाराने गेला. मोठं यंत्र वर नेता आलं नाही, माती कुदळ-फावड्याने उपसावी लागली. दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, हे सरकारनेच विधानसभेत सांगितलं. आमचीही वाडी यादीत नाही. यादी करणाऱ्यांना मी दोष देत नाही, सह्याद्रीच्या उतारावर अशा हजारो वाड्या आहेत. पण यादीत नाव नाही म्हणून तिथे निवाऱ्याची सोय नाही, सराव नाही, दोरखंड नाही, हे बरोबर नाही. बचाव दल कितीही चांगलं असलं तरी ते डोंगर आल्यानंतर येतं. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्याकडची बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे, पावसाळ्यात महाडला तुकडी ठेवतात. घाट बंद पडले की महाडहून वाडीपर्यंतचे वीस-पंचवीस किलोमीटरही दिवसभराचे होतात.

डोंगर का सुटतो हे आम्ही चौथीच्या वर्गात ओल्या वाळूचा ढीग करून दाखवायचो. खाली काळा कातळ, त्यावर मुरमाचा आणि लाल मातीचा थर. पाणी मातीत मुरतं, कातळाशी जाऊन अडतं, तिथे साठतं आणि मातीला खालून उचलायला लागतं. पकड सुटली की आख्खा थर झाडांसकट घसरतो. आठ-दहा दिवस भिजून जड झालेल्या डोंगराला शेवटच्या दोन-तीन तासांच्या झोडपणाऱ्या पावसाच्या सरी पुरतात. म्हणून नुसता आजचा पाऊस बघून भागत नाही, आठवड्याचा हिशेब ठेवावा लागतो. वर उतारावर जेसीबीने कापलेला रस्ता असेल, चर बुजवलेले असतील, पाण्याची वाट बदललेली असेल, तर तो हिशेब आणखी लवकर भरतो.

आणि डोंगर सहसा न सांगता येत नाही. झर गढूळ होते, किंवा भर पावसात अचानक आटते. जमिनीला भेग पडते. काल लागत असलेलं दार आज चौकटीत अडकतं. विजेचा खांब कलतो, झाडं एकाच दिशेला झुकतात, वरून बारीक दगड गडगडत येतात. ह्यातलं प्रत्येक लक्षण वाडीतली म्हातारी माणसं ओळखतात. आमच्या वाडीच्या वर, सड्याच्या कडेला एक भेग आहे. तिच्या दोन्ही बाजूंना मी सागाच्या दोन खुंट्या मारल्या आहेत, मध्ये सुतळी. दर रविवारी शाळेच्या पट्टीने अंतर मोजून वहीत लिहितो. तीन पावसाळ्यांत ती दोन सेंटिमीटरने रुंदावली आहे. ती वही कुठे द्यायची, हे मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही. तलाठी म्हणतात तहसीलला द्या, तहसीलात म्हणतात भूजल सर्वेक्षणवाल्यांना दाखवा.

पावसाचं मोजमापही असंच सोपं आहे. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रं महसूल मंडळाला एक अशी आहेत. ती हवीतच. पण आमच्या मंडळाचं केंद्र खाली सपाटीला, आणि पाऊस पडतो तो वर कड्याला ढग अडतात तिथे. खाली साठ तर वर दीडशे, असं मी कितीदा पाहिलं आहे. म्हणून आम्ही डबा ठेवतो. सरळ उभ्या कडांचा, सपाट बुडाचा स्टीलचा डबा, आत उभी पट्टी. अंगणात, झाडापासून आणि पागोळीपासून लांब, दगडात घट्ट बसवलेला. जितके सेंटिमीटर पाणी, त्याच्या दहापट मिलिमीटर पाऊस, तोंड लहान असो की मोठं. दर तीन तासांनी वाचायचा, लिहायचा, ओतायचा. पाचवीतली मुलगी हे काम चोख करते, आणि रात्री तिची आई करते. त्या २२ तारखेच्या संध्याकाळी पाच ते आठ एवढ्या वेळात डब्यात आठ सेंटिमीटर होते. आदल्या चार दिवसांचे आकडे वहीत होते. झर गढूळ झाली नसती तरी त्या आकड्यांवरून आम्ही उठायला हवं होतं.

हवामान खातं चोवीस तासांत ११५.६ मिलिमीटरपासून पुढच्या पावसाला 'अति मुसळधार' म्हणतं आणि २०४.५च्या पुढच्याला 'अत्यंत मुसळधार'. हे आकडे सगळ्या देशासाठी आहेत. कुठल्या डोंगराला किती पाऊस झेपतो, हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि भूजल सर्वेक्षण व विकास यंत्रणा यांच्या माणसांनी उतार आणि माती बघून वाडीवाडीला सांगायला हवं. ते होईपर्यंत एक कच्चा आकडा तरी तहसीलदारांनी भिंतीवर रंगवून द्यावा. इतकं पाणी डब्यात आलं की म्हातारी माणसं आणि लेकरं शाळेत. इतकं आलं की सगळी वाडी. आकडा थोडा चुकला तर एक रात्र शाळेच्या फरशीवर जाईल. ती आम्हाला चालेल.

आता इशाऱ्यांबद्दल. हवामान खात्याचा अंदाज गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुष्कळ सुधारला आहे, आणि तीन-तीन तासांचे तात्कालिक इशारे येतात ते खरोखर उपयोगी असतात. अडचण पुढे आहे. 'रायगड जिल्ह्याला रेड अलर्ट' हा संदेश उरणपासून पोलादपूरपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर एकाच वेळी वाजतो. अलिबागला ऊन असतं आणि आमच्याकडे साकव वाहून गेलेला असतो, किंवा उलट. शाळांना सुट्टी जाहीर होते तेव्हा लेकरं निम्म्या वाटेत असतात, आणि दुपारी लख्ख ऊन पडतं. असं चार वेळा झालं की पाचव्या वेळी माणूस मोबाइल उशाखाली सरकवतो. रंगांचा अर्थही कुणी समजावलेला नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. लोकांना वाटतं, हे पावसाच्या मापाचे रंग आहेत. आपण तो संदेश तालुक्यावरून पुढे पाठवताना एवढंच करा : कुठलं खोरं, किती वाजल्यापासून, आणि काय करायचं. 'आज रात्री नऊनंतर सावित्रीच्या वरच्या खोऱ्यात जोर. डोंगराखालच्या वाड्यांनी जेवून शाळेत झोपायला जावं.' हे वाचल्यावर आमच्या आजीसुद्धा वळकटी बांधतील.

माझी बहीण श्रीवर्धन तालुक्यात दिलेली. मेहुणे तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचे प्रमुख. डोंगरात जे मला कळलं ते त्यांना दर्यात त्याच्याही आधी कळलेलं आहे. ११ नोव्हेंबर २००९ला फयान वादळ आलं तेव्हा मासेमारीचा हंगाम भरात होता. बंदरात धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढतो तो बंदरात असलेल्या माणसाला दिसतो. चाळीस-पन्नास मैलांवर जाळी टाकून बसलेल्या खलाशाला बावटा दिसत नाही आणि मोबाइलही लागत नाही. मेहुणे परत आले ते आभाळाचा रंग आणि लाटेचा लांबलेला ठेका बघून. त्यांनी जाळी कापून दर्यात सोडली आणि बोट वळवली. ज्यांनी जाळी ओढायला दोन तास घेतले, त्यांच्यातले काही परत आले नाहीत. आज इस्रोच्या तंत्रावर चालणारे, दोन्ही बाजूंनी संदेश देणारे ट्रान्सपॉन्डर बोटींवर बसवले जात आहेत. ते प्रत्येक बोटीवर आहेत का आणि चालू आहेत का, हे नारळी पौर्णिमेच्या आधी बंदराबंदरात जाऊन बघा. आणि जाळी सोडून येणाऱ्याला त्या जाळ्याची भरपाई मिळेल, असं लेखी द्या. तांडेलाच्या डोक्यात त्या घडीला जाळ्याचं कर्ज असतं. बोट वळवायला उशीर होतो तो त्या कर्जामुळे. मे २०२१मध्ये तौक्ते वादळ येणार हे तीन दिवस आधी सगळ्यांना माहीत होतं, तरी समुद्रातल्या बॉम्बे हाय तेलक्षेत्राजवळ पी-३०५ हा कामगारांचा तराफा समुद्रातच राहिला आणि सत्तरहून जास्त माणसं बुडाली.

मेहुण्यांकडून मी आणखी एक शिकलो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला नि अवसेला सव्वाअकरा. घड्याळ नसताना कोळीवाड्यातल्या बायकासुद्धा हा हिशेब बोटांवर करायच्या. उधाणाचे दिवस वर्षभर आधी ठाऊक असतात, भरतीचं कोष्टक छापील मिळतं. मुंबईत साडेचार मीटरवरच्या भरत्यांच्या तारखा पावसाळ्याआधी जाहीर होतात. महाडला आणि चिपळूणला तेवढ्याच ठळकपणे त्या का सांगितल्या जाऊ नयेत? सावित्रीचं पाणी बाणकोटच्या खाडीतून बाहेर पडतं, वाशिष्ठीचं दाभोळच्या. खाडीत उधाणाची भरती चढली की नदीचं पाणी जायला जागा नसते, ते गावात थांबतं. २२ जुलै २०२१ला गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. डोंगरात जोराचा पाऊस आणि खाडीत उधाण हे ज्या दिवशी एकत्र येऊ शकतात, असे जून ते सप्टेंबर मिळून फार तर पंचवीस-तीस दिवस निघतील. त्या तारखांचं एक पान करून प्रत्येक दुकानात लावा. व्यापारी माल आदल्या दिवशीच माळ्यावर चढवतील.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा बहिणीच्या वाडीतली साठ-सत्तर पोफळी आणि माडांच्या रांगा एका दुपारीत आडव्या झाल्या. घराचे पत्रे उडाले. पण ती सांगते ते दुसरंच : "दादा, वाऱ्याची भीती चार तासांची. पुढे किती दिवस कुणाचा आवाजच नव्हता." खांब पडले, टॉवर बंद, फोन मुके. आमच्या तीन गावांत कोण जिवंत आहे हे कळायला मला चौथा दिवस उजाडला. आपली सगळी व्यवस्था मोबाइलवर उभी आहे, आणि वादळात सगळ्यांत आधी तोच जातो. म्हणून भोंगा, देवळातली घंटा, ढोल, दवंडी ही जुनी साधनं टिपणात आणा. कुठला आवाज म्हणजे काय, हे ठरवून ग्रामसभेत एकदा वाजवून दाखवा. ग्रामपंचायतीला एक वायरलेस संच आणि तो चालवणारी दोन माणसं द्या, त्यातली एक बाई असू द्या, कारण पुरुष मुंबईला असतात.

पर्यटकांविषयी मी थोडंच लिहितो, पण मनापासून लिहितो. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. एकमेकांना घट्ट धरून खडकावर उभ्या असलेल्या त्या माणसांची चित्रफीत आपण सगळ्यांनी पाहिली. ती बेफिकीर माणसं नव्हती. ओढ्याचं पाणी घोट्याएवढं होतं, म्हणून ती मध्ये उभी राहिली. पाऊस वर पडतो आणि लोंढा खाली येतो, जिथे उभे आहात तिथे ऊन असलं तरीही. पाणी गढूळ व्हायला लागलं, पालापाचोळा यायला लागला, घोंघावल्यासारखा आवाज वाढला, की वस्तू गोळा न करता जवळच्या काठावर चढायचं. हे सांगायला पाटी पुरत नाही. १५ जून २०२५ला कुंडमळ्याचा इंद्रायणीवरचा पूल कोसळून चार माणसं गेली, तिथेही पूल धोकादायक असल्याची पाटी होती. पाटी उभी राहते आणि जबाबदारी संपते, असं होऊ नये.

देवकुंड धबधब्यासारख्या ठिकाणी दर पावसाळ्यात सरसकट बंदीचा आदेश निघतो. माझं मत विचाराल तर सरसकट बंदी लोकांना आडवाटेने नेते. मुख्य वाटेवर पोलीस असतात, म्हणून पोरं रानातून जातात आणि तिथे त्यांना ओढा कुठून ओलांडायचा हे सांगणारं कुणी नसतं. गावातल्या चार पोरांना पावसाळ्याच्या चार महिन्यांचा पगार द्या. वर एक माणूस बसेल, खाली एक. शिट्टी, दोर, आणि वरचा पाऊस बघून वाट त्या दिवसापुरती बंद करायचा अधिकार. आज बंद, उद्या उघडी, आणि का बंद ते येणाऱ्याला तोंडाने सांगायचं. त्यातून गावाला कामही मिळेल.

किनाऱ्यावर हीच गोष्ट. गोव्यात जीवरक्षक आणि लाल झेंडे आहेत. आपल्याकडे बहुतेक वाळूवर सोडेवाला आणि उंटवाला सोडून कुणी नसतं. लाटांनी किनाऱ्यावर चढलेलं पाणी एका चिंचोळ्या पट्ट्यातून परत जातं, आमचे कोळी त्याला ओढ म्हणतात. त्या पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी शांत दिसतं, म्हणून नवखा माणूस नेमका तिथेच लेकराला घेऊन उतरतो. ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे पोहायचा हट्ट केला की माणूस दमतो आणि बुडतो. अंग सैल सोडून तरंगायचं, हात वर करायचा, आणि किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत पट्ट्याबाहेर यायचं. ओहोटी लागलेली असताना खाडीच्या तोंडाशी तर पायही घालू नये. हे पाच मिनिटांत सांगता येतं. प्रत्येक लॉजमध्ये खोलीची किल्ली देताना ते सांगणं सक्तीचं करा. कधी आभाळ निरभ्र असतानाही दूर दक्षिणेच्या महासागरातल्या वादळाची लाट काही दिवसांनी आपल्या किनाऱ्याला येऊन आदळते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था त्याचा इशारा देते. तो बंदर खात्यापाशी थांबू नये, घरगुती खानावळीपर्यंत जावा.

विजेबद्दल एवढंच. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' अॅप आजूबाजूला वीज पडण्याची शक्यता असेल तर कळवतं, ते भातकापणीच्या दिवसांत प्रत्येक पोलीस पाटलाच्या फोनवर असावं. परतीच्या पावसात, ऑक्टोबरच्या दुपारी, माणसं भात झाकायला धावतात आणि झाडाखाली थांबतात. गडकोटांवर लोखंडी शिड्या आणि कठडे असतात, गडगडाट ऐकू आला की त्यांच्यापासून दूर व्हायचं आणि कड्यावरून खाली यायचं.

आता माझ्या ओळीकडे परत येतो. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने आपल्याला पुरेसे अधिकार दिले आहेत, नवा कायदा लागणार नाही. एका आदेशात दोन वाक्यं घाला. पहिलं : १ जून ते ३० सप्टेंबर या काळात शाळा, समाजमंदिर आणि अंगणवाडी यांची एक किल्ली पोलीस पाटलाकडे आणि एक वाडीने निवडलेल्या बाईकडे राहील. दुसरं : जिवाच्या भीतीने कुणी शासकीय इमारत उघडली वा कुलूप तोडलं, तर त्याच्याकडून खुलासा मागितला जाणार नाही. त्या आदेशाची प्रत वर्गाच्या आतल्या भिंतीला चिकटवा, कुलूप तोडून आत आलेल्या माणसाला ती पहिल्यांदा दिसेल अशी. वर्गात पाण्याचं पिंप, चटया, मेणबत्त्या, काड्यापेट्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि दूध-पावडरचा एक डबा ठेवा. आमच्या लेकरांनी त्या रात्री कोरडी पोळीसुद्धा खाल्ली नव्हती. आणि गुरांची सोय विसरू नका. बैल बांधलेला असला की घरधनी घर सोडत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

कायमचं पुनर्वसन हा वेगळा आणि मोठा विषय आहे. तळियेच्या लोकांनी कंटेनरच्या घरांत किती काळ काढला, हे आपण जाणता. त्यावर पुन्हा लिहीन. पण नवी घरं बांधून होईपर्यंत आम्हाला ह्याच घरांत, ह्याच डोंगराखाली पावसाळे काढायचे आहेत, आणि पुढचा पाऊस मृगाला, म्हणजे आठवड्यांवर आला आहे.

आढावा बैठकीला मला बोलावलंत तर मी येईन. सोबत स्टीलचा डबा, भेगेची वही, तीन वर्षांच्या पावसाचे आकडे आणि कुलपाच्या खुलाशाची प्रत आणतो. आमच्याकडून पहिली एसटी पहाटे साडेपाचला सुटते, बैठक अकराला असेल तर मी वेळेत पोचतो.

आपला नम्र,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
पोलादपूर तालुका, जि. रायगड